बँक कर्मचाऱ्यांचे मनी लाँडरिंग प्रतिबंधक प्रशिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना

आधुनिक अर्थव्यवस्थेत बँक ही केवळ पैसा ठेवण्याची आणि काढण्याची जागा राहिलेली नाही. उदारीकरणानंतर पैशाच्या हालचालीचा वेग वाढला आणि त्याबरोबर गुन्ह्यातून मिळालेला पैसा सन्मार्गाने मिळवल्यासारखा भासवण्याच्या वाटाही वाढल्या. या वाटांवरचा पहिला पहारेकरी म्हणून कायद्याने बँकेची नेमणूक केली आहे. प्रत्यक्षात हा पहारा देतो तो खिडकीवर बसलेला रोखपाल, खाते उघडून घेणारा लिपिक आणि सही करणारा शाखाधिकारी. म्हणूनच या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला महत्त्व आहे. हे प्रशिक्षण होते किंवा नाही हा आता वादाचा मुद्दा उरलेला नाही, ते होतेच. त्यातून नेमके काय शिकवले जाते आणि कायद्याला जे अपेक्षित आहे ते शिकवले जाते काय, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

१९८८ मध्ये व्हिएन्ना येथे अमली पदार्थांच्या व्यापाराविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८९ मध्ये फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स ही आंतरशासकीय संस्था स्थापन झाली. तिच्या चाळीस शिफारशींमध्ये वित्तीय संस्थांनी आपल्या सेवकांना सातत्याने प्रशिक्षण द्यावे, असे सांगितले आहे. भारत २०१० मध्ये या संस्थेचा पूर्ण सदस्य झाला. त्यापूर्वीच भारतात मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ मध्ये संमत होऊन १ जुलै २००५ पासून अमलात आला होता. बँकांकडून येणारे अहवाल स्वीकारण्यासाठी फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट या केंद्रीय विभागाची स्थापना २००४ मध्येच झाली होती.

या कायद्याखाली बँकेवर दोन भिन्न स्वरूपाची कामे येतात. महिनाभरात दहा लाख रुपयांहून अधिक रकमेचे रोखीचे व्यवहार कळवणे हे पहिले काम. ते गणिताचे आहे आणि संगणक ते बिनचूक करतो. दुसरे काम संशयास्पद व्यवहार कळवण्याचे. येथे नियमांनी कोणतीही किमान रक्कम ठरवलेली नाही. सद्हेतूने वागणाऱ्या व्यक्तीला ज्या व्यवहारात गुन्ह्याच्या पैशाचा संशय घेण्यास वाजवी कारण दिसते, जो व्यवहार अकारण गुंतागुंतीचा वाटतो किंवा ज्यामागे कोणताही आर्थिक हेतू दिसत नाही, असा व्यवहार संशयास्पद मानावा, अशी ही व्याख्या आहे. केवळ प्रयत्न होऊन न झालेला व्यवहारही तीत येतो. या व्याख्येच्या केंद्रस्थानी रक्कम नाही, कागद नाही, यंत्रही नाही. तेथे एक सद्हेतूने वागणारी, विचार करणारी व्यक्ती आहे. प्रशिक्षणाचे मूल्यमापन या व्यक्तीच्या कसोटीवरच व्हावयास हवे.

प्रशिक्षणाचे प्रचलित स्वरूप

रिझर्व्ह बँकेने २००२ पासून ‘आपला ग्राहक ओळखा’ अर्थात केवायसीविषयी सूचना दिल्या आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्या एकत्रित केल्या. खिडकीवरील सेवक, अनुपालन विभागातील सेवक आणि नवे ग्राहक हाताळणारे सेवक यांच्या प्रशिक्षणाचा भर वेगवेगळा असावा, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. ग्राहकांच्या अज्ञानातून उद्भवणारे प्रश्न हाताळण्याचे खास शिक्षण खिडकीवरील सेवकांना द्यावे, असेही त्यांत नमूद आहे. ही दृष्टी निःसंशय योग्य होती.

व्यवहारात मात्र या तीन वर्गांतील भेद बहुधा पुसला जातो. वर्षातून एकदा संगणकाच्या पडद्यावर सर्वांसाठी एकच पाठ येतो. कलमे, तारखा, मर्यादा आणि ‘प्रवेश, थरबांधणी व एकत्रीकरण’ या तीन अवस्थांची आकृती त्यात असते. शेवटी बहुपर्यायी प्रश्न असतात. उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र निघते आणि तपासणीच्या वेळी दाखवण्यासाठी त्याची नोंद राहते. अशा परीक्षेत मर्यादा दहा लाखांची की पन्नास हजारांची हे ठरवता येते. समोर उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे आणि त्याच्या खात्यातील व्यवहार जुळतात काय, हे ठरवण्याची क्षमता तीत तपासलीच जात नाही. प्रशिक्षणाचा हेतू कर्मचारी घडवण्याचा की तपासनिसाला कागद दाखवण्याचा, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

मर्यादा शिकवण्याची मर्यादा

केवळ आकड्यांवर उभ्या असलेल्या पहाऱ्याची दुर्बलता २०१५ मध्ये दिल्लीच्या अशोक विहार येथील बँक ऑफ बडोदाच्या शाखेतील प्रकरणाने उघड केली. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार, ५९ चालू खात्यांतून सुमारे ६,००० कोटी रुपये आयातीची आगाऊ रक्कम म्हणून मुख्यतः हाँगकाँगला पाठवण्यात आले. माल मात्र आला नाही. आपोआप होणारी छाननी टळावी म्हणून प्रत्येक रक्कम एक लाख डॉलरच्या आत ठेवली गेली, असेही सांगण्यात आले. जुलै २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेला पाच कोटी रुपयांचा दंड केला.

या प्रकरणाचा प्रशिक्षणाच्या दृष्टीने विचार केल्यास एक गोष्ट लक्षात येते. मर्यादा ही पहारेकऱ्याला जितकी ठाऊक असते तितकीच चोरालाही ठाऊक असते. एकेक व्यवहार पाहिला तर तो नियमात बसत होता. नव्याने सुरू झालेल्या एका शाखेतून अचानक एवढे परकीय चलन का जाऊ लागले, हा प्रश्न सर्व व्यवहार एकत्र पाहिले तरच पडतो. तो पडण्यासाठी परकीय चलनाचे तज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही, आपल्या शाखेचा व्यवसाय ओळखणारा माणूस पुरेसा आहे. अर्थात शाखेतील माणूसच सामील असेल तर प्रशिक्षण निरुपयोगी ठरते, असा आक्षेप घेता येईल. तो काही अंशी खरा आहे. परंतु शाखेत, विभागीय कार्यालयात आणि मुख्य कार्यालयात इतरही माणसे असतात. प्रश्न विचारणे हा आपल्या कामाचाच भाग आहे असे त्यांना शिकवलेले असेल, तर सामील होणाऱ्यांची वाट अवघड होते.

स्थानिक ज्ञानाची उपेक्षा

संशय ही गोष्ट प्रदेशनिरपेक्ष नसते. लासलगावच्या शाखेत कांद्याच्या हंगामात व्यापाऱ्याच्या खात्यातील उलाढाल कित्येक पटींनी वाढली तर त्यात वावगे काही नाही. तीच वाढ बाजार बंद असताना झाली तर ती विचार करावयास लावणारी आहे. समृद्धी महामार्गासाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या बचत खात्यात एकाएकी मोठी रक्कम जमा झाली, तर संगणक इशारा देईल, परंतु गावची माहिती असलेल्या लिपिकाला तिचा उगम ठाऊक असेल. उसाचे बिल केव्हा येते, आठवडी बाजाराचा भरणा कोणत्या दिवशी होतो, हे ज्ञान नागरी सहकारी बँकेतील जुन्या सेवकाकडे भरपूर असते. महाराष्ट्रात अशा बँकांचे जाळे मोठे आहे. प्रशिक्षणात मात्र या ज्ञानाला स्थान नाही. तेथील उदाहरणे बहुधा परदेशातील अमली पदार्थांच्या टोळ्यांची आणि करमुक्त बेटांवरील कंपन्यांची असतात. परिणामी, हा विषय आपल्या शाखेचा नव्हेच, अशी समजूत कर्मचाऱ्यांत दृढ होते.

उलट बाजूही विसरता येत नाही. स्थानिक ओळख ही दुधारी असते. ‘हे आपलेच माणूस आहेत’ या एका वाक्यावर सहकारी बँकेत अनेक प्रश्न विचारायचे राहून जातात. ओळखीचा उपयोग माहितीसाठी करावा, माफीसाठी नव्हे, हा विवेकही प्रशिक्षणानेच द्यावयाचा आहे.

परिभाषेचा प्रश्न

प्रशिक्षणाचे साहित्य प्रायः इंग्रजीत व हिंदीत असते. हिंदीत रूढ झालेला ‘धनशोधन’ हा शब्द मराठी कर्मचाऱ्याच्या कानाला ‘धनाचा शोध’ असा ऐकू येतो, कारण मराठीत ‘संशोधन’ म्हणजे शोध घेणे. तेथे अभिप्रेत असलेला शुद्धीकरणाचा अर्थ सहज पोहोचत नाही. ‘काळा पैसा’ हा मराठी शब्द वापरला तर गोंधळ वेगळाच होतो. काळा पैसा म्हटले की सामान्यतः कर चुकवून दडवलेले उत्पन्न डोळ्यांसमोर येते. मनी लाँडरिंगच्या कायद्यात मात्र पैसा अनुसूचित गुन्ह्यातून आलेला असावा लागतो. लाच, फसवणूक, अमली पदार्थ, माणसांचा व्यापार यांतून आलेला पैसा आणि किराणा दुकानदाराने न दाखवलेली विक्री यांतील भेद शब्दानेच पुसला गेला, तर संशय चुकीच्या ठिकाणी वळतो. परिभाषा हा येथे केवळ भाषाप्रेमाचा विषय नाही. तो कामाच्या अचूकतेचा विषय आहे.

प्रशिक्षण आणि विक्रीचे लक्ष्य

२०१३ च्या मार्च महिन्यात एका वृत्त-संकेतस्थळाने छुप्या चित्रीकरणातून काही मोठ्या खासगी बँकांचे कर्मचारी रोख रक्कम वळवण्याचे मार्ग सुचवीत असल्याचे दाखवले. त्यानंतरच्या तपासणीत मनी लाँडरिंग झाल्याचा प्रथमदर्शनी पुरावा आढळला नसला, तरी नियमभंग आढळले आणि जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने अ‍ॅक्सिस बँकेला ५ कोटी, एचडीएफसी बँकेला साडेचार कोटी व आयसीआयसीआय बँकेला १ कोटी रुपयांचा दंड केला. ठेव आणण्याचे लक्ष्य रोज विचारले जात असेल आणि संशय कळवण्याचा पाठ वर्षातून एकदा येत असेल, तर कर्मचारी कोणता पाठ अधिक मनावर घेईल, हे सांगण्यास मानसशास्त्राची गरज नाही.

ही भारतापुरती उणीव नाही. अमेरिकेत टीडी बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये गुन्हा कबूल केला आणि सुमारे तीन अब्ज डॉलरची रक्कम भरण्याचे मान्य केले. तेथील सरकारी कागदपत्रांनुसार, एका टोळीने कर्मचाऱ्यांना ५७,००० डॉलरहून अधिक किमतीची भेटकार्डे देत ४७ कोटींहून अधिक डॉलर त्या बँकेतून फिरवले. पैसा गैरमार्गाचा असावा हे खिडकीवरील सेवकांच्या लक्षात आले होते आणि ते त्यावर आपसात विनोदही करीत होते. म्हणजे त्यांच्यापाशी ज्ञानाचा अभाव नव्हता. त्या ज्ञानाला बँकेत किंमत नव्हती. प्रशिक्षणाने डोळे उघडले तरी संस्थेने तोंड बंद ठेवावयास लावले, तर त्या प्रशिक्षणाचे प्रयोजन उरत नाही.

भारतीय कायद्याच्या कलम १४ नुसार माहिती कळवल्याबद्दल बँकेवर, तिच्या संचालकांवर वा कर्मचाऱ्यांवर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. हे संरक्षण दंडाच्या तरतुदींइतक्याच ठळकपणे शिकवले पाहिजे. दंडाच्या भीतीने शिकलेला सेवक स्वतःचा बचाव करतो. संरक्षणाच्या विश्वासाने शिकलेला सेवक बँकेचा बचाव करतो.

सामान्य ग्राहकावर पडणारा भार

विवेकाविना केलेल्या अनुपालनाची झळ मोठ्या गुन्हेगाराला क्वचितच लागते. त्याचे कागद परिपूर्ण असतात. अडवली जाते ती आधार कार्डावर नावाचे एक अक्षर वेगळे असलेली विधवा, अंगठ्याची रेषा झिजलेला मजूर, पत्ता बदललेला भाडेकरू. अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांना डिजिटल पडताळणीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवणे अशक्य होते. या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देऊन डिजिटल सेवांची उपलब्धता जीविताच्या मूलभूत हक्काशी जोडली. पडताळणीचा हेतू माणूस ओळखणे हा असताना माणूस समोर असूनही केवळ यंत्राला तो ओळखता येत नाही म्हणून त्याला परत पाठवणे, ही त्या हेतूची विटंबना आहे.

दुसरीकडे, सायबर फसवणुकीचा पैसा आज गरिबांच्या व विद्यार्थ्यांच्या खात्यांतून फिरवला जातो. काही हजार रुपयांच्या मोबदल्यात पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम कार्ड दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्या तरुणाला आपण गुन्ह्यात ओढले जात आहोत, याची पुरती कल्पनाही नसते. खाते उघडताना त्याचे सर्व कागद खरे असतात. येथे कागदांची पडताळणी निष्फळ ठरते. ‘हे खाते तू स्वतःच वापरणार आहेस ना? कोणी उघडावयास सांगितले?’ एवढे दोन प्रश्न आपुलकीने विचारणारा लिपिक मात्र त्या तरुणाला वाचवू शकतो. ग्राहकांच्या अज्ञानाविषयी रिझर्व्ह बँकेने दिलेल्या सूचनेचा खरा अर्थ हाच आहे.

उपाययोजना

या विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

१. प्रशिक्षण कामाच्या स्वरूपानुसार वेगळे असावे. खिडकीवरील सेवकाला प्रश्न विचारण्याचे, तर अनुपालन विभागाला व्यवहार एकत्र जोडून पाहण्याचे शिक्षण मिळावे.

२. बहुपर्यायी परीक्षेबरोबर प्रकरणाभ्यास असावा. एका खात्याचा सहा महिन्यांचा उतारा समोर ठेवून ‘संशय का वाटतो किंवा का वाटत नाही’ हे कर्मचाऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे.

३. उदाहरणे शाखेच्या परिसरातील असावीत आणि साहित्य मराठीतही उपलब्ध व्हावे.

४. शाखेने कळवलेल्या संशयाचे पुढे कसे मूल्यमापन झाले याचा सर्वसाधारण बोध, गोपनीयता सांभाळून, पुढील प्रशिक्षणात परत यावा. ग्राहकाला याचा सुगावा लागू देणे नियमबाह्य आहे; म्हणून हा बोध नाव व खाते वगळूनच द्यावा.

५. वाणिज्य महाविद्यालयांनी बँकिंगच्या अभ्यासक्रमात हा विषय घ्यावा. उद्याचा लिपिक आणि आज खाते भाड्याने देण्याच्या मोहात सापडणारा विद्यार्थी एकाच वर्गात बसलेले असतात.

निष्कर्ष

मनी लाँडरिंग प्रतिबंधाची व्यवस्था संगणक, अहवाल आणि दंड यांच्या बळावर विस्तारली असली, तरी कायद्याने तिचा पाया सद्हेतूने वागणाऱ्या व्यक्तीच्या वाजवी संशयावर घातला आहे. प्रचलित प्रशिक्षण या व्यक्तीला नियम पाठ करावयास लावते. विचार करावयास पुरेसे शिकवत नाही आणि विचार मांडण्याचे धैर्य तर त्याहून कमी देते. त्यामुळे कागद परिपूर्ण असलेला गुन्हेगार आत जातो आणि कागद अपुरा असलेला प्रामाणिक माणूस बाहेर राहतो. हे चित्र पालटावयाचे असेल, तर सर्व कर्मचाऱ्यांनी वर्षाचा पाठ पूर्ण केला एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. त्या पाठानंतर किती कर्मचारी खिडकीवर योग्य वेळी योग्य प्रश्न विचारू लागले, हीच प्रशिक्षणाची खरी कसोटी ठरेल.