शुक्रनीतींतील लघुनालिक व साष्टीच्या मोहिमेंतील बंदूक

मुंबईच्या उपनगरांतील, म्हणजे जुन्या साष्टी प्रांतांतील, किल्ल्यांविषयींची एक छोटी पुस्तिका घाटकोपर येथील एका संग्राहक स्नेह्यांनीं आमचेकडे अभिप्रायार्थ धाडिली. लेखकाचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. तिच्यांतील ज्या मतांचा येथें परामर्श घ्यावयाचा आहे, तीं त्या एकट्याचीं नसून अलीकडे पुष्कळांच्या तोंडीं ऐकूं येतात. स्थलवर्णनाचा भाग परिश्रमपूर्वक लिहिला आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. अंधेरीकडून खाडीपलीकडे मढच्या टोंकावर दिसणाऱ्या वेसाव्याच्या कोटाचें वर्णन तर स्वतः चढून उतरल्यावांचून लिहितां येणार नाहीं.

पण पुढें दोन विधानें येतात. चिमाजी अप्पांच्या फौजेनें १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत 'रायफली' चालविल्या, हें एक. शुक्रनीतींत लघुनालिक म्हणून रायफलीचें व बृहन्नालिक म्हणून मशीनगनचें वर्णन असल्यामुळें हीं आयुधें आपणांकडे हजारों वर्षें होतीं, हें दुसरें. दुसऱ्याच्या आधारावर पहिलें उभें आहे, म्हणून दुसऱ्यापासूनच आरंभ करूं.

हें मत नवें नाहीं. मद्रासचे गुस्ताव ऑपर्ट यांनीं १८८० सालीं प्राचीन हिंदूंच्या शस्त्रास्त्रांवर पुस्तक लिहून शुक्रनीतीच्या बळावर बंदुकीचें मूळ भारतांत नेलें. त्यांच्या वेळीं कौटिल्याचें अर्थशास्त्र उजेडांत आलें नव्हतें. तें शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापिलें. त्यांतील आयुधागाराच्या प्रकरणांत शतघ्नी आहे, यंत्रें आहेत; दारूच्या जोरानें गोळी फेंकणारी नळी मात्र नाहीं. ऑपर्ट यांस जें पाहतां आलें नाहीं त्याचा दोष त्यांस देतां येत नाहीं. आजच्या लेखकास ती सवलत नाहीं.

आतां शुक्रनीतीचें वर्णनच पाहूं. लघुनालिक पांच वितस्ति लांब. मुळाशीं व टोंकाशीं नेम धरण्यासाठीं तिलबिंदु, म्हणजे आपल्या बंदुकीची माशी. छिद्र मधल्या बोटाएवढें. मागें लांकडी दस्ता. दारू ठांसण्यास शलाका, म्हणजे गज. आणि तें पायदळानें व स्वारानें बाळगावें. वितस्ति बारा अंगुळांची, म्हणजे सुमारें नऊ इंच धरिली तर लांबी पंचेचाळीस इंच होते. अठराव्या शतकांतील इंग्रजी पायदळाच्या लांब बंदुकीची नळी शेहेचाळीस इंच होती. या मेळावर आम्ही फारसा भार देत नाहीं. तोड्याच्या बंदुकाही तितक्या लांब असत. पण 'कर्ण' या शब्दाकडे पहावें. बार पेटविण्याच्या छिद्रास मराठींत 'कान' म्हणत; शत्रूची तोफ निकामी करणें म्हणजे तिच्या कानांत खिळा मारणें. लौकिक परिभाषा संस्कृतांत उतरविल्याचा वास येथें आम्हांस येतो.

खरा निर्णय पुढील समासांत आहे. यंत्राच्या आघातानें अग्नि उत्पन्न करणारा ग्रावा, म्हणजे दगड, आणि चूर्ण हीं त्या कर्णाच्या मुळाशीं असतात, असा त्याचा सरळ अर्थ होतो. ही चकमकीची बंदूक झाली! दगडाच्या ठिणगीवर चालणारे चाप युरोपांत सोळाव्या शतकांत निघाले आणि सतराव्याच्या आरंभीं त्यांस पक्कें रूप आलें. तेव्हां निदान हा भाग त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं. लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं सबंध शुक्रनीतीच एकोणिसाव्या शतकांतली ठरविली. सबंध ग्रंथाविषयीं इतकें पुढें जाण्यास आमचें मन धजत नाहीं. नालिकप्रकरणापुरतें मात्र त्यांच्या बाजूस झुकणें भाग आहे.

मग यांत रायफल कोठें आहे? रायफलीचें लक्षण नळीच्या आंत कोरलेले सर्पिल चर. त्यांमुळें गोळी फिरत जाते व नेम राहतो. शुक्रनीतींत चरांचा उल्लेख नाहीं. इंग्रजी फौजेंत निवडक टोळ्यांस अशी बंदूक १८०० च्या सुमारास मिळाली. पायदळाच्या हातीं ती सर्रास आली १८५३ च्या एन्फील्डपासून, जिच्या काडतुसांचें १८५७ सालीं निमित्त झालें. बृहन्नालिकास तर ग्रंथकार लांकडी दस्ता नको म्हणतो व तें गाड्यावरून न्यावें म्हणतो. ही उघड तोफ. मशीनगन एका गोळीच्या धक्क्यानें वा वायूनें दुसरी आपोआप भरते. मॅक्सिमनें ती १८८४ च्या सुमारास साधली, आणि एका गड्यानें उचलून न्यावयाच्या लुईस, ब्रेन या हलक्या जाती त्यानंतरच्या. तिचा मारा कसा असतो तें माणगांवच्या यशवंत घाडगे यांच्या हकीकतींत दिसतें. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत एका मशीनगनपुढें त्यांच्या तुकडींतील सारे पडले. ते एकटे धांवून गेले, आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे धनी झाले. गाड्यावरच्या तोफेस तेंच नांव दिलें तर दोन्ही गोष्टी अनाकलनीय होतात.

आतां साष्टी. मार्च १७३७ मध्यें ठाणें घेणाऱ्या फौजेच्या हातांतील बंदूक मुख्यतः तोड्याची. पेटता तोडा पावसांत विझतो, रात्रीं त्याची ठिणगी शत्रूस दिसते, रंजक भिजली तर बार फुकट जातो. हें ध्यानीं घेतलें म्हणजे खाड्यांच्या दलदलींत, दमट हवेंत लढलेल्या त्या माणसांच्या अडचणी कळूं लागतात. त्यांस रायफली देऊन पुस्तिकाकारानें त्यांचा पराक्रम वाढविला नाहीं, उलट कमी केला. मे १७३९ मध्यें वसईचा तट फुटला तो सुरुंगांनीं. मोहिमेचें यश बंदुकीच्या नळीपेक्षां कुदळीस अधिक लागू आहे, असें आमचें मत आहे. चकमकीच्या बंदुका व कवाइती पायदळ यांचा भर मराठी फौजांत पुढें, गारद्यांच्या व मग महादजी शिंद्यांच्या कंपूंच्या काळांत झाला. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें व वेसावें घेतलें तें तशाच बंदुकांनीं. रायफल तेव्हांही नव्हती.

चाळीस वर्षें संस्कृत शिकवितांना आम्हीं एक खोड पाहिली. अनोळखी शब्द आला कीं विद्यार्थी जवळचा ओळखीचा शब्द लावून मोकळा होतो. विद्यार्थ्यास ती क्षम्य आहे. पण कागद छापणारा संपादकच 'बंदूक' याचा अर्थ कंसांत 'रायफल' असा देऊं लागला तर पुढील वाचकास मूळ कागद असूनही नसल्यासारखा होतो. तोडा, चकमक, रंजक, जेजाल, जंबुरका हे शब्द जसेच्या तसे ठेवावे व टीप द्यावी.

शुक्रनीतीच्या हस्तलिखित पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांस विनंती कीं, चौथ्या अध्यायांतील नालिकप्रकरण तींत आहे कीं नाहीं, असल्यास 'ग्राव' पाठ आहे कीं दुसरा, आणि पोथीच्या शेवटीं शक किंवा संवत् दिला आहे काय, एवढें पाहून कळवावें. शके १६०० पूर्वींची मिती असलेली व हें प्रकरण असलेली पोथी निघाली, तर वरील विवेचन आम्ही याच पत्रांत परत घेऊं.