मानवाधिकार-जोखीम : एका समासाचा विग्रह

पर्यटनव्यवसायाच्या दृष्टीने एखाद्या देशात मानवाधिकारविषयक जोखीम किती आहे, हे आधी ठरवून मग तेथे प्रवासी न्यावेत, अशी पद्धती गेल्या काही वर्षांत रूढ होत आहे. तिला आधार मिळाला तो संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने २०११ साली मान्य केलेल्या उद्योगविषयक मार्गदर्शक तत्त्वांचा. तत्त्वांचा हेतू स्तुत्य आहे. तथापि त्यांवरून देशवार कोष्टके रचली जातात, तेव्हा एका शब्दाचा अर्थ नकळत पालटतो आणि त्याबरोबर विवेचनाची दिशाही पालटते.

तो शब्द ‘जोखीम’ हा होय. मूळ तत्त्वांत जोखीम मानली आहे ती ज्यांच्या हक्कांवर आघात होण्याचा संभव आहे त्या माणसांना. उद्योगाच्या भांडवलाला नव्हे. मराठीत ‘मानवाधिकार-जोखीम’ असा समास केला की ही विभक्ती लोप पावते. ‘मानवाधिकारांना असलेली जोखीम’ आणि ‘मानवाधिकारांच्या प्रश्नामुळे कंपनीला असलेली जोखीम’ असे दोन्ही विग्रह संभवतात. कोष्टककर्ता बहुधा दुसरा पत्करतो. रूढ भाषाही त्याच्याच साहाय्यास येते. प्रवासात जवळ बाळगलेला पैसा-दागिना यालाही मराठीत ‘जोखीम’च म्हणतात, त्यामुळे ‘जोखीम सांभाळणे’ म्हणताच डोळ्यांसमोर उभा राहतो तो मालाचा धनी.

सटाण्याहून ताहाराबाद-मुल्हेरमार्गे साल्हेरकडे जावे, म्हणजे या भेदाचे गांभीर्य कळते. १५६७ मीटर उंचीचा हा किल्ला, १६७२ च्या लढाईने इतिहासात गाजलेला, जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा दुर्गांपैकी एक म्हणून जागतिक वारसा-यादीत समाविष्ट झाला. वर्दळ वाढणार, हे उघड आहे. परंतु बागलाण तालुक्याचा पश्चिम भाग केवळ दुर्गांचा नव्हे. तेथील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि कोकणा व भिल्ल समाजांची तेथे मोठी वस्ती आहे. भारताला एकच गुण देणाऱ्या कोष्टकात साल्हेर कोठे बसावा? मुंबईच्या तारांकित हॉटेलातील कामगार आणि गडाच्या पायथ्याचा शेतकरी यांच्या हक्कांची सरासरी काढता येत नाही. काढलीच, तर ती दोघांपैकी कोणाचीही नसते.

गावपातळीवरील कायदे पाहता मूल्यमापनाचे एकक गावच असावयास हवे. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या कायद्यात विकासप्रकल्पासाठी भूसंपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी वा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करण्याचे बंधन आहे. ‘विचारविनिमय’ म्हणजे ‘संमती’ नव्हे. या दोन शब्दांमधील अंतर किती मोठे, हे जमीन गेलेल्यासच नीट ठाऊक असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन ज्या तेरा सुविधांसाठी वळविता येते, त्यांत शाळा आहे, दवाखाना आहे, रस्ता आहे; पर्यटकांचे निवासस्थान नाही. तेव्हा पर्यटन गावात शिरावयाचे ते बहुधा ‘रस्ता’ या शब्दाच्या आडोशाने. देशवार कोष्टकाला अशा शब्दांची दखलच नसते.

कंपन्यांचे अहवाल वाचूनही ही उणीव भरून निघत नाही. जबाबदार व्यवसायविषयक अहवाल देण्याचे सेबीचे बंधन २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून आले ते बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांवर. पायथ्याचा खाणावळवाला, जीपचालक वा वाटाड्या त्यांपैकी कोणाच्या हिशेबात येतो?

मार्गदर्शक तत्त्वांचे अठरावे कलम बाधित होऊ शकणाऱ्यांशी अर्थपूर्ण विचारविनिमय अपेक्षिते. येथे भाषेचा प्रश्न आडवा येतो, आणि आश्चर्य असे की जोखमीच्या चर्चेत तो क्वचितच निघतो. अहवाल इंग्रजीत, शासकीय सूचना प्रमाण मराठीत, आणि गावातील बोलणे अहिराणीत वा कोकणा बोलीत. ‘वारसा’ या शब्दाने गावकऱ्यास पहिल्याने आठवते ती सातबाऱ्यावरील वारसनोंद. ‘गाव वारसास्थळ झाले’ या वाक्याचा त्याने जमिनीच्या हक्काशी संबंध लावला, तर दोष त्याच्याकडे जात नाही. अशा सभेत वर झालेल्या हातांना अर्थपूर्ण म्हणावयाचे, तर आधी हे सांगावयास हवे की ठराव कोणत्या भाषेत वाचला गेला, त्या वेळी सभेत स्त्रिया किती होत्या आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा असल्याचे कोणी सांगितले होते काय.