कॅमेऱ्याची सॅक : प्रवासाची आणि डोंगराची

एका शाळेच्या निसर्गमंडळाला देणगीतून कॅमेरा मिळाला. तो नेण्यासाठी सॅक घ्यायची होती. ‘प्रवास आणि ट्रेकिंग, दोन्हींसाठी उत्तम’ अशी एक जाहिरात दाखवून तिथल्या बाईंनी मला विचारले, “सर, हे कितपत खरे मानायचे?” प्रश्न शाळेच्या पैशांचा होता, तसाच ती सॅक वाहणाऱ्या मुलांच्या पाठींचाही होता.

योगायोगाने तशाच घडणीची सॅक मी तीन वर्षे वापरतो आहे. दगडफुलांची, म्हणजे लायकेनची, छायाचित्रे घेण्यासाठी मला सह्याद्रीत हिंडावे लागते. कंपनीचे नाव इथे देत नाही. ही घडण अनेक कंपन्यांच्या सॅकमध्ये आढळते आणि परीक्षण घडणीचेच करायचे आहे. सॅक २५ लिटरची. आत फोमचे कप्पे, मुख्य चेन पाठीला टेकणाऱ्या बाजूला आणि तिपाई बांधायची सोय बाहेरच्या अंगाला.

प्रवासात ही सॅक उत्तम आहे, हे आधी सांगतो. एसटीच्या गर्दीत ती पाठीवर असताना मागच्या माणसाला चेन उघडता येत नाही. धक्का बसला तर फोम दबतो, वेग शून्यावर यायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि त्यामुळे कॅमेऱ्यावरचे बल कमी होते. इथपर्यंत जाहिरात खरी आहे.

आता डोंगर. माझे सामान मोजू : कॅमेरा व दोन भिंगे २.२ किलो, तिपाई १.५, पाणी २, खाऊ ०.५ आणि रिकामी सॅक १.८, एकूण ८ किलो. यात रेनकोटला जागा उरत नाही, कारण फोमनेच बरीच जागा खाल्लेली असते. पण आठ किलो किती जड वाटतील, हे केवळ वजनावर ठरत नाही. इथे तरफेचा धडा आठवावा. गुरुत्वमध्य पाठीपासून २० सेंटिमीटरवर असेल, तर सॅक आपल्याला मागे खेचते त्या बलाचे आघूर्ण ८ × ९.८ × ०.२०, म्हणजे सुमारे १५.७ न्यूटन-मीटर होते. तेच अंतर १२ सेंटिमीटर असेल, तर ते ९.४ भरते. तोल सावरायला आपण पुढे वाकतो आणि चढावर पाठ भरून येते. तिपाई बाहेरच्या अंगाला बांधली की हे अंतर वाढते. तीच बाजूला, पाठीलगत बांधली तर कमी होते.

कमरपट्टा हा दुसरा दोष. चांगल्या सॅकचा रुंद, मऊ पट्टा ओझ्याचा मोठा भाग खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर नेतो. या सॅकचा पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंदीचा आहे. तो सॅक हलू देत नाही, पण ओझे उचलत नाही.

तिसरा मुद्दा कॅमेरा हाती येण्याचा. चेन पाठीकडे असल्याने सॅक उतरवून खाली ठेवल्याशिवाय ती उघडता येत नाही. हरिश्चंद्रगडावर खिरेश्वरकडून जाताना तोलार खिंडीच्या वर कातळाचा टप्पा लागतो. तिथे सॅक टेकवायची कुठे? कॅमेरा गळ्यात ठेवावा तर तो खडकावर आपटतो आणि दोन्ही हात तर रेलिंगला हवे असतात. प्रवासात जो गुण होता, तोच इथे अडचण ठरतो.

शेवटचा मुद्दा पाण्याचा, आणि तिथली चूक माझी आहे. रेनकव्हर बाहेरचे अंग झाकते, पाठीकडची बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळलेले पाणी फोममध्ये मुरते. एका जुलैत घरी आल्यावर मी सॅकमध्ये सिलिका जेलची १० ग्रॅमची पुडी टाकली, चेन लावली आणि दोन आठवडे विसरलो. भिंगावर बुरशीची जाळी धरली. पुडी का पुरली नाही? ३० अंश सेल्सिअसच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते. म्हणजे २५ लिटर हवेत जेमतेम पाऊण ग्रॅम. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी धरते, म्हणजे ही पुडी तीनेक ग्रॅम. हवेपुरती ती भरपूर झाली. पण पुढच्या पावसाळी फेरीनंतर मी रिकामी सॅक तोलली, तेव्हा ती कोरड्या वजनापेक्षा १६० ग्रॅमने जड भरली! खरा शत्रू हवेतले बाष्प नव्हते, फोममधले पाणी होते. तेव्हा घरी येताच कॅमेरा बाहेर काढावा आणि सॅक उघडी ठेवून पंख्याखाली वाळवावी.

म्हणून बाईंना मी असे कळवले : प्रवासासाठी ही सॅक घ्यावी. कोरड्या ऋतूतल्या सोप्या वाटेवर ती चालेल. कातळाच्या किंवा पावसातल्या वाटेसाठी घेऊ नये. त्यासाठी रुंद कमरपट्ट्याची साधी ट्रेकिंग सॅक घ्यावी. आत प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत गुंडाळलेला फोमचा डबा पाठीलगत ठेवावा. अवघड टप्प्यावर कॅमेरा आतच राहू द्यावा.

खरेदीपूर्वी दुकानात, नाहीतर उसनी सॅक आणून वर्गात, तीन गोष्टी मुलांकडून करून घ्याव्यात. भरलेली सॅक कुशीवर आडवी करून गोल दांड्यावर तोलावी आणि गुरुत्वमध्याचे पाठीपासूनचे अंतर मोजावे. ती सर्वांत लहान चणीच्या मुलाच्या पाठीवर चढवून पट्टा कमरेच्या हाडांवर बसतो की पोटावर, ते पाहावे. आणि ‘पक्षी!’ म्हटल्यापासून कॅमेरा हाती येईपर्यंतचे सेकंद घड्याळावर मोजावेत. जाहिरातीतला दावा तपासायला एवढी मापे पुरतात.