‘देदा एना’ : अंकलिपी आणि अंगाई

जॉर्जियन शिक्षणाचा इतिहास लिहिताना अंकलिपीला साहित्यकृती मानावी लागते, असे माझे मत आहे. याकोब गोगेबाश्विली यांची ‘देदा एना’, म्हणजे ‘मातृभाषा’, १८७६ साली निघाली. साम्राज्याच्या शाळांत रशियन भाषेचा आग्रह वाढत असताना तिने वाचनाचा आरंभ केवळ दोन स्वरांनी केला. या दोन स्वरांतूनच जॉर्जियनमध्ये व्हायोलेट फुलाचे नाव तयार होते. अक्षरओळख होताच मुलाच्या हाती अर्थ यावा, ही योजना शिक्षकाची जितकी, तितकीच कवीची. पुढे १८७९ मध्ये स्थापन झालेल्या साक्षरता-प्रसारक मंडळीत इलिया चावचावाद्झे अग्रभागी होते.

गोगेबाश्विलींच्या एका प्रसिद्ध कथेत, पळवून नेल्यामुळे स्वभाषा विसरलेली मुलगी आईच्या अंगाईने भानावर येते. अंकलिपीचे तत्त्वच येथे कथारूप घेते, आणि त्याची मर्यादाही येथेच उघडी पडते. मेग्रेलियन वा स्वान घरातली आई निराळ्याच भाषेत बोलते; शाळेत तिच्या मुलाला ‘मातृभाषा’ म्हणून मिळते ती जॉर्जियन. कथेतील अंगाई या आईला सामावून घेत नाही.