पाककृतीच्या रकान्यामागील संपादिका

वृत्तपत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा पहिल्या पानाचाच इतिहास लिहितात. युद्धे, निवडणुका, गाजलेले अग्रलेख आणि ते लिहिणारे नामवंत पुरुष यांनी ते ग्रंथ भरलेले असतात. आतल्या पानांवर स्वयंपाक, शिवण आणि बालसंगोपन यांविषयी लिहिणाऱ्या स्त्रियांनाही इतिहास असू शकतो, हे अभ्यासकांच्या फार उशिरा ध्यानात आले. अमेरिकन वृत्तपत्रांतील अन्नविषयक पानांच्या संपादिकांवर किंबर्ली विल्मॉट व्हॉस यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला 'द फूड सेक्शन' हा ग्रंथ म्हणूनच महत्त्वाचा आहे. त्याच्या निमित्ताने या उपेक्षित परंपरेचे मूल्यमापन करावे, असे आम्हांस वाटते.

प्रचलित समजूत अशी, की अमेरिकेत गंभीर अन्नपत्रकारिता १९५७ मध्ये जन्मास आली. त्या वर्षी क्रेग क्लेबोर्न हे 'न्यू यॉर्क टाइम्स'चे अन्नसंपादक झाले. त्या पदावर आलेले ते पहिले पुरुष. त्यांची योग्यता आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या खुर्चीवर ते बसले ती रिकामी का झाली होती, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. ती जेन निकरसन यांची खुर्ची होती. १९४२ पासून पंधरा वर्षे त्यांनी ते पान सांभाळले आणि कुटुंबासमवेत फ्लोरिडास जाण्यासाठी ते सोडले. त्यांनी काम हाती घेतले तो काळ महायुद्धाचा. १९४२ मध्ये साखरेवर आणि १९४३ मध्ये मांस, लोणी, चीज यांवर शिधावाटप आले. कोणत्या कुपनावर काय मिळेल, मांसाऐवजी काय शिजवावे, बाजारात भाव काय आहे, हे घराघरांत रोज विचारले जाणारे प्रश्न होते. अशा वेळी अन्नाची बातमी ही राष्ट्राचीच बातमी नव्हे काय? निकरसन उपाहारगृहांविषयीही लिहीत असत. तेव्हा १९५७ मध्ये जे घडले त्यास जन्म म्हणता येणार नाही. चालू असलेल्या कामास केवळ नवे नाव मिळाले.

दुसरे नाव क्लेमेंटाइन पॅडलफोर्ड यांचे. कॅन्ससमधील शेतकरी घरात १८९८ मध्ये जन्मलेल्या या लेखिकेने १९३६ पासून 'हेरल्ड ट्रिब्यून'मध्ये अन्नविषयक लेखन केले. घशाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर त्यांना नळीवाटे श्वास घ्यावा लागे. ती नळी त्या गळ्याभोवतीच्या मखमली फितीखाली झाकून ठेवीत. बोलणे कष्टाचे झालेली ही बाई गावोगावच्या गृहिणींना बोलते करीत हिंडली. लहान विमान चालविण्यासही ती शिकली. या भ्रमंतीचे फळ म्हणजे १९६० मध्ये प्रसिद्ध झालेला 'हाउ अमेरिका ईट्स' हा ग्रंथ.

या ग्रंथाकडे आम्ही वाङ्मय म्हणून पाहतो. पॅडलफोर्ड यांची शैली विशेषणांनी ओथंबलेली आहे. कधीकधी ती जड होते, हे मान्य करावयास हवे. परंतु पाककृती कोणाच्या स्वयंपाकघरातून आली, त्या बाईचे नाव काय, तिचे गाव कोणते, हे त्या आवर्जून सांगतात. पाककृतीस कर्ता नसतो, ती कुठून तरी वाहत येते, या रूढ समजुतीस येथे छेद जातो. अनाम श्रमास नाव देणे हे या लेखनाचे खरे मोल होय, आणि तेच त्याच्या शैलीदोषांहून टिकाऊ ठरले आहे.

या पानांवरील आक्षेपही तपासले पाहिजेत. १९७१ मध्ये सिनेटर फ्रँक मॉस यांनी अन्नसंपादकांच्याच परिषदेत त्यांच्यावर जाहिरातदारांच्या अधीन असल्याचा आरोप केला. आरोप सर्वस्वी निराधार नव्हता. किराणा दुकाने आणि अन्नकंपन्या यांच्या जाहिरातींवरच ही पाने उभी होती. परंतु हे अवलंबित्व मालकांनी निर्माण केलेले होते आणि नैतिकतेचा जाब मात्र संपादिकांना द्यावा लागला. त्यांनी १९७४ मध्ये आपली संघटना स्थापून आचारसंहितेचा विचार केला, ही गोष्ट त्यांच्या सचोटीची साक्ष देते.

याहून विषण्ण करणारा भाग स्त्रियांच्या पानाच्या अखेरीचा आहे. स्त्रियांसाठी वेगळे पान म्हणजे त्यांचा उंबरठा आखून देणे, अशी टीका स्त्रीमुक्तीच्या चळवळीने केली, आणि ती रास्त होती. १९६९ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने आपले स्त्रियांचे पान बंद करून 'स्टाइल' ही नवी पुरवणी सुरू केली. इतर वृत्तपत्रांनीही तोच मार्ग धरला. परंतु नव्या पानांची सूत्रे अनेक ठिकाणी पुरुषांकडे गेली आणि वर्षानुवर्षे संपादन केलेल्या स्त्रिया दुय्यम पदांवर ढकलल्या गेल्या. भिंत पाडली ती मुक्तीच्या नावाने. पण त्या खोलीत ज्यांनी आपली सत्ता उभारली होती त्यांना मोठ्या घरात जागा मिळाली नाही.

व्हॉस यांनी हा विरोधाभास नेमका टिपला आहे. त्यांच्या ग्रंथाची उणीव वेगळी आहे. विस्मृतीत गेलेली इतकी नावे एकत्र आणताना चरित्रात्मक टिपणांची गर्दी होते, आणि या स्त्रियांचे प्रत्यक्ष लेखन वाचून त्याची पारख करण्यास अवसर उरत नाही. उपेक्षितांचा केवळ नामनिर्देश पुरेसा नसतो. त्यांच्या गद्याचे गुणदोष इतर कोणत्याही लेखकाप्रमाणे तपासले जातील, तेव्हाच त्यांना खरा सन्मान मिळेल.

मराठी वाचकालाही यात विचार करण्यासारखे आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि घरोघरी पोहोचले. मोजमाप नेमके, वाक्य छोटे, वाचकावर विश्वास. हे गुण चांगल्या गद्याचेच नव्हेत काय? तरी वाङ्मयेतिहासात त्यास कितीशी जागा मिळाली? हाताशी असलेले पुस्तक लेखन म्हणून दिसू नये, ही समीक्षेची दृष्टी होय. त्या पुस्तकाचा दोष नव्हे. हळद-मसाल्याचे डाग पडलेली पाने ही वाचली गेलेली पाने असतात, एवढे तरी समीक्षकांनी ध्यानी घ्यावे.