नियम, स्वयंपाकघर आणि हास्य : निसिम इझिकेल यांच्या 'ज्यूइश वेडिंग इन बॉम्बे' या कवितेचा पुनर्विचार

प्रस्तावना :

धर्मनियमाची थट्टा होऊ लागली की श्रद्धा ओसरली, असे अनुमान सहज काढले जाते. लोकव्यवहार मात्र वेगळे सांगतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्या घरांत रुळली, त्याच घरांत एकादशीही पाळली गेली. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे जैनांचे जुने केंद्र आहे. त्या परिसरातील वाचकाला सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि कंदमुळांचा त्याग हे ग्रंथापेक्षा स्वयंपाकघरातील नियम म्हणून अधिक परिचित असतात. नियम आणि हास्य यांच्या या नात्याचा विचार महाराष्ट्रातील मराठीभाषक ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएल समाजाच्या संदर्भात करता येतो. त्यासाठी निसिम इझिकेल (१९२४–२००४) यांची 'ज्यूइश वेडिंग इन बॉम्बे' ही इंग्रजी कविता येथे विचारात घेतली आहे.

पार्श्वभूमी :

कोकणातील बेने इस्राएल परंपरेने तेल गाळण्याचा व्यवसाय करीत. शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी त्यांचा घाणा बंद राही, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. एका धर्माज्ञेचे असे टोपणनाव झाले. मंदिराच्या विध्वंसाचा शोक करण्याचा ज्यूंचा दिवस या समाजात 'बिरड्याचा सण' म्हणून ओळखला गेला. येथे उपहास नाही, घरगुती जवळीक आहे. समाजाच्या परंपरेनुसार, दाविद रहाबी यांनी या लोकांचे ज्यूपण पडताळण्यासाठी स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. स्त्रियांनी पर व खवले नसलेले मासे बाजूला काढले. मांसाबरोबर दूध वर्ज्य असल्याने रश्शात नारळाचे दूध आले. तात्पर्य, नियमाची राखण प्रामुख्याने चुलीपाशी झाली.

कवितेतील हास्य :

कवितेचा निवेदक स्वतःच्याच लग्नाची हकिकत सांगतो. नवरीची आई रडते, कारण त्या प्रसंगी रडायचे असते. नवरीचे भाऊ वराचा जोडा पळवतात आणि पैसे घेऊन परत करतात. हा प्रसंग कोणत्याही भारतीय मांडवात शोभावा असा आहे. पुढे निवेदक सांगतो की, अत्यंत सनातनी मंडळीही स्वस्त पडते म्हणून गोमांस खात. ज्यू नियमशास्त्राप्रमाणे रीतसर कापलेले गोमांस निषिद्ध नाही. तरीही कवितेत ते नियमभंगाच्या यादीत, डुकराच्या मांसाच्या शेजारी येते. हा निषेध हिंदू शेजारातून या समाजात मुरलेला आहे. म्हणजेच थट्टेच्या ओघात कविता एका मिश्र नियमसंहितेची नोंद करून जाते. शब्बाथच्या दिवशी पैजा, शिव्या आणि मद्यपान चाले, पण तेही बेताने, असे निवेदक सांगतो. नियम मोडतानाही मर्यादा सांभाळणाऱ्या माणसांच्या मनातून नियम गेलेला नसतो.

पेला फोडला जातो, टाळ्या पडतात आणि मोशेच्या नियमानुसार विवाह पूर्ण होतो. कवितेचा स्वर येथेही हलकाच आहे. मात्र या विधानामागे एक ताजा इतिहास होता. १९६२ मध्ये इस्राएलच्या प्रमुख धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याच्या सूचना दिल्या होत्या. त्याविरुद्ध समाजाने तीव्र आंदोलन केले. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले आणि त्या सूचनांतून समाजाचे नाव वगळण्यात आले. कविता या वादाचा उल्लेख करीत नाही. तरी त्या पार्श्वभूमीवर वाचल्यास, मुंबईच्या सिनेगॉगमधील त्या टाळ्यांना वेगळे वजन प्राप्त होते. ज्या विवाहाच्या वैधतेविषयी इतरांनी शंका घेतली, त्याच विवाहाला त्या समाजातील माणूस निर्धास्तपणे हसतो. हे हास्य अश्रद्धेचे म्हणण्यापेक्षा आपलेपणाच्या हक्काचे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

मर्यादा :

या हास्याची एक मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. कवितेतील रात्र नवरीच्या माहेरच्या स्वयंपाकघरात, जमिनीवरील गादीवर येते. ज्या जागी स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या नियम सांभाळला, तेथे कविता पोहोचते, पण तो नियम तिला दिसत नाही. निवेदकाची आई स्वतःला पुरोगामी मानणारी म्हणून, तर सासू आसवे गाळणारी म्हणून थट्टेचा विषय होते. पत्नीचे प्रश्न मात्र कवितेतील सर्वांत धारदार आहेत. गमावलेल्या कौमार्याविषयी ती जाब विचारते, तेव्हा वाचलेल्या एकाही पुस्तकात ते परत कसे करावे हे सांगितलेले नाही, अशी कबुली निवेदक देतो. ग्रंथप्रामाण्य येथे थकते आणि विनोद प्रथमच निवेदकावर उलटतो. पण कविता तेथेच थांबते. त्या स्त्रीची बाजू पुढे जात नाही.

हे न्यून एस्थर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचल' (२००६) या इंग्रजी कादंबरीशेजारी ठेवल्यास स्पष्ट होते. कोकण किनाऱ्यावरील बंद पडलेल्या सिनेगॉगची काळजी वाहणारी विधवा तिची नायिका आहे आणि प्रकरणांचा आरंभ पाककृतीने होतो. तेथे चूल ही पार्श्वभूमी न राहता धर्माचे अधिष्ठान बनते. या कादंबरीला साहित्य अकादमीचा २०१० चा पुरस्कार मिळाला.

समारोप :

इझिकेल यांच्या कवितेतील विनोद धर्मनियमाच्या ऱ्हासाचा पुरावा म्हणून वाचणे अपुरे आहे. नियम जोवर दैनंदिन जीवनात असतो, तोवरच त्याची थट्टा रंगते. ज्याचा विसर पडला त्याला कोणी हसत नाही. मात्र नियम सांभाळण्याचे कष्ट कोणी उपसले आणि त्यावर हसण्याची मोकळीक कोणाला मिळाली, हा प्रश्न अध्यापनात वगळता येणार नाही. हाच प्रश्न एकादशीच्या म्हणीलाही विचारता येतो, कारण उपवासाच्या दिवशी दुप्पट खाणाऱ्यांसाठी दुप्पट रांधणारे कोणीतरी असतेच.