आजारी नायिकेच्या जागेवर कोण?

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारिट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग फराळाला बसायचे, ही जुनी चाल. तिचाच आधार घेऊन मी या दिवाळी अंकात कर्करोगाचा विषय काढते आहे. वाचकांनी रागावू नये. मला रोगाविषयी थोडेच बोलायचे आहे. बोलायचे आहे ते आपल्या गोष्टींविषयी, आणि आधी माझ्याच एका कादंबरीविषयी.

त्या कादंबरीची नायिका साताऱ्याची शिक्षिका. तिला स्तनाचा कर्करोग होतो. मग मी तिला खिडकीजवळच्या खाटेवर निजवले, अंगणात जाईचा वेल चढवला, अजिंक्यताऱ्यावरून उतरणारे ऊन तिच्या चादरीवर आणले आणि दोन प्रकरणांत तिला निरोप दिला. वाचक रडले. मला ते आवडले, हे लपवत नाही.

पुढे माझ्या वर्गातील एका मुलीच्या आईला तोच आजार झाला. ती तासगावकडे बेदाण्याच्या शेडमध्ये निवडणीला जाई. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली आणि मग आठवड्यातून पाच दिवस मिरजेला किरणोपचार सुरू झाले. मे महिन्याची सुट्टी होती. एस.टी.त लेक तिला माझी कादंबरी वाचून दाखवी. पुस्तक परत देताना ती म्हणाली, “बाई, गोष्ट झ्याक हाय. पण ती निजल्यावर तिच्या जागंवर साळंत कोण गेलं? आन् तिच्या पगाराचं काय झालं?”

मी रोज हजेरीपटावर सही करणारी बाई. वैद्यकीय रजा, अर्धपगारी रजा, बिनपगारी रजा हे शब्द मला पाठ आहेत. त्यांतला एकही माझ्या कादंबरीत शिरला नव्हता. नायिका आजारी पडताच तिची नोकरी मी खडूच्या रेघेसारखी पुसून टाकली होती.

हा दोष माझ्या एकटीचा नाही. ‘दिल एक मंदिर’ (१९६३), ‘सफर’ (१९७०) आणि ‘आनंद’ (१९७१) हे चित्रपट आपण घरोघर पाहिले. तिन्हींत रोगी पुरुष आहे. ‘अँखियों के झरोखों से’ (१९७८) मध्ये रोगी मुलगी आहे खरी, पण तीही कॉलेजच्या वयाची. संसार आणि नोकरी अजून तिच्या अंगावर पडलेली नाही. प्रत्यक्षात आपल्या देशात बायकांना सर्वांत अधिक होणारा कर्करोग स्तनाचा, आणि तो पाश्चात्त्य बायकांपेक्षा सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो. म्हणजे ऐन कमावत्या वयात. त्या वयाची बाई या चित्रांत रोगी म्हणून कुठेच नाही.

अलीकडे दुसरा साचा निघाला आहे, ‘योद्ध्या’चा. बाई औषधे घेता घेता हसत कामावर जाते आणि आपण टाळ्या वाजवतो. सुसान सोनटॅग या अमेरिकन लेखिकेला स्वतःला हा आजार झाला होता. रोगाभोवतीच्या या युद्धाच्या भाषेवर तिने १९७८ सालीच टीका केली. बेदाण्याची ती बाईही दोन औषधांच्या मध्ये शेडवर जाई. पण ते शौर्य नव्हे. रोज बुडत होता म्हणून. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च भागतो, आणि ते मोठेच काम आहे. बुडालेला रोज मात्र त्यातून भरून येत नाही. औषधांनी तिच्या बोटांची टोके बधिर झाली. निवडणीत बोटे हेच हत्यार. काखेतील ग्रंथी काढल्यामुळे हात सुजला, जड उचलायची बंदी झाली. एके दिवशी मुकादमाने मायेनेच सांगितले, “मावशी, आता इस्रांती घ्या,” आणि तिची जागा दुसरीला दिली. शस्त्रक्रियेविषयी सांगताना ती कधी रडली नव्हती. हे सांगताना रडली.

ऑड्री लॉर्ड ही कवयित्री आणि शिक्षिका. १९७८ मध्ये तिचे एक स्तन काढले गेले. १९८० मध्ये ‘द कॅन्सर जर्नल्स’ हे तिचे पुस्तक आले. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी ती डॉक्टरांकडे गेली, तेव्हा तिथल्या परिचारिकेने तिला खोटे स्तन लावून येण्यास सुचवले. नाही तर दवाखान्याचे मनोधैर्य खचते म्हणे! लॉर्डने त्यावर रागाने लिहिले. मला त्या पुस्तकाचे मोल वाटते ते यासाठी, की तिथे रोगी बाई स्वतः बोलते, आणि चार माणसांत आपल्याला कसे वागवले जाते ते सांगते. मराठीत असे पुस्तक शेडमधून, शाळेतून, उसाच्या फडातून यावे, आणि त्यात रोजंदारीचे आकडेही यावेत.

माझ्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली तर ती दोन प्रकरणे मी पुन्हा लिहीन. नायिका वाचेल की नाही, ठाऊक नाही. पण ती वर्गात परत येईल. सुजलेला हात वर जात नाही म्हणून फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहील, आणि मागच्या बाकावरची मुले मान उंचावून वाचतील. रजेचा अर्जही मी पुरता लिहीन.

वाचकहो, या दिवाळीत एखाद्या आजारी बाईला भेटायला जाल. फराळ द्या, “आराम करा” असेही म्हणा. पण निघण्यापूर्वी तिच्या कामाचे काय झाले, तेही विचारा. आणि ती बोलू लागली, तर थोडा वेळ बसा.